फलाटावरची रेवा

जून लागला की आमच्या गॅरेजमध्ये मला ओल्या मोज्यांचा वास येतो. माझी बायको अनघा म्हणते, वास-बीस काही नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत. तिथे आता फक्त लॉनमोअर आणि दोन जुन्या बॅगा पडल्या आहेत. असेलही. पण पापाकुरात थंडी पडली, सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाची पातळ साय धरली, की माझे पाय आपोआप गॅरेजकडे वळतात, आणि दार उघडल्या उघडल्या तो वास येतोच. हॉकीच्या टर्फवर आधी पाणी मारतात. त्या पाण्यात, वरून पडणाऱ्या पावसात, तास-सव्वातास पळालेल्या पायांचे मोजे. शनिवारी दुपारी रेवा ते दोरीवर टाकायची आणि सोमवारपर्यंत ते वाळायचे नाहीत. तेव्हा मी चिडायचो.

रेवा आमची एकुलती एक मुलगी. पुण्याहून इकडे ऑकलंडला आलो तेव्हा सात वर्षांची होती. पहिले काही महिने शाळेत कुणाशी बोलायचीच नाही. डबा तसाच परत आणायची. मग कुणीतरी तिच्या हातात स्टिक दिली. आम्हाला हॉकीतलं काही कळत नव्हतं. मी आणि अनघा छत्री धरून कडेला उभे राहायचो आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या की आम्हीही वाजवायचो. हळूहळू कळायला लागलं. इतकं, की पुढे पुढे अनघा पंचांशी वाद घालायची, मराठीतून.

इथला हिवाळा जून-जुलैत येतो, तसा काही फार नाही. पण तो अंगात मुरतो. लाकडी घरं, भिंतींना ओल, दुपारी चारलाच दिवस कलल्यासारखा. पन्नाशी उलटल्यापासून दर जूनमध्ये मला वाटतं, यंदा नाही जमायचं. आणि दर जूनमध्ये मी सहा बावीसची गाडी पकडून पेनरोजच्या कारखान्यात जातो.

२०१६ साली मार्चमध्ये त्याच गाडीची वाट पाहत फलाटावर उभा होतो. पलीकडच्या भिंतीवर जाहिरातीची मोठी चौकट आहे. नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस त्यातली दह्याची जाहिरात काढून नवा कागद बसवत होता. वरून खाली कागद उलगडत आला. आधी स्टिक दिसली, मग मूठ, मग वासलेलं तोंड. पूर्ण उलगडला तेव्हा समोर माझी मुलगी होती. हवेत उडी मारलेली, वेणी सुटलेली, गालावर चिखल. शेजारी तिची मैत्रीण मेरे, तिच्या खांद्यावर हात टाकून. खाली विद्यापीठाचं नाव आणि ‘तुमचं भविष्य इथे सुरू होतं’ असलं काहीतरी.

मी तिथूनच तिला फोन लावला. ती दक्षिणेकडच्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होती, विमानाने जावं लागायचं इतकी लांब.

“रेवा, तू पापाकुरा स्टेशनवर आहेस!”

“काय? बाबा, मी बेडमध्ये आहे.”

“अगं, पोस्टरवर! तू आणि मेरे. केवढं मोठं!”

पांघरूण सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “मला कुणी सांगितलं नाही.” आणि मग, “कुठला फोटो? प्लीज, चिखलातला नको.”

मी हसलो. त्या दिवशी कारखान्यात मी सगळ्यांना फोटो दाखवला. शेजारच्या लाइनवरचा ग्रॅहम म्हणाला, “स्वीट ॲज, मेट!” स्वीट ॲज म्हणजे इकडचं ‘झकास’. “दॅट्स युअर गर्ल?” अकरा वर्षांत ग्रॅहमने मला विचारलेला हा पहिला घरगुती प्रश्न. मला किती उंच झाल्यासारखं वाटलं, ते आता सांगताना लाज वाटते. पेनरोजला आलो तेव्हा वर्षभर मी तिथल्या एका गोदामात खोकी उचलली होती. चिंचवडला माझ्या हाताखाली बारा माणसं होती. आणि आता माझ्या मुलीचा चेहरा स्टेशनवर, माणसापेक्षा मोठा. मला वाटलं, झालं. पोचलो आपण.

तिला कुणी सांगितलं नव्हतं, हे मात्र मी ऐकूनही ऐकलं नव्हतं.

एप्रिलमध्ये माझी आई सहा महिन्यांसाठी आली. पहिल्याच आठवड्यात तिला फलाटावर घेऊन गेलो. स्वेटर, शाल, वर अनघाचा जाड कोट. आई बाकावर बसून बराच वेळ पोस्टर न्याहाळत राहिली. गाड्या आल्या, गेल्या. शाळेची मुलं पोस्टरखालून चिप्स खात गेली.

“बारीक झालीय,” आई म्हणाली. मग म्हणाली, “याचे काय देतात तिला?”

“याचे म्हणजे?”

“असे फोटो लावायचे. साबणाच्या जाहिरातीतल्या बायांना देतात ना?”

“आई, हे विद्यापीठ आहे. साबण नाही.”

“पण विकायलाच लावलंय ना?”

मी तिला समजावून सांगितलं, की रेवाला खेळावर शिष्यवृत्ती आहे, निम्मी फी माफ आहे, कपडे देतात, प्रवास देतात. शिवाय हा मान आहे. आईने मान हलवली. माझी आई पटलं की मान हलवत नाही, विषय संपवायचा असला की हलवते. घरी आल्यावर तिने मीठ-मोहऱ्या काढून ठेवल्या. रेवा घरी आली की दृष्ट काढायची म्हणाली. सगळं गाव बघतंय पोरीला.

आईचा प्रश्न मला डाचत राहिला, पण वेगळ्या दिशेने. मला तो कागद आठवला. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा अकरा पानांचा करार आला होता. जेवणाच्या टेबलावर रेवा तो वाचत बसली होती. सातव्या-आठव्या पानावर थांबली.

“बाबा, इथे लिहिलंय की ते माझं नाव आणि फोटो कशासाठीही वापरू शकतात. पाच वर्षं. विचारायचं का त्यांना?”

मी भाजी चिरत होतो. वरही बघितलं नाही. “सही कर गं. ते आपल्याला घेतायत. आपण काय अटी घालणार?”

अठरा वर्षांची होती. तिने सही केली.

जुलैमध्ये तिचा संघ ऑकलंडला स्पर्धेसाठी आला. घरापासून अर्ध्या तासावर मैदान. आम्ही तिघं ब्लँकेट घेऊन, थर्मासमध्ये चहा घेऊन गेलो. आकाश खाली आलेलं, पाऊस धड पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. उत्तरार्धात रेवाने उजव्या बाजूने चेंडू घेतला, एकीला चकवलं, दुसरीला चकवण्यासाठी वळली. जवळपास कुणीच नव्हतं. कुणी धक्का दिला नाही. ती नुसती वळली, आणि खाली बसली. पडली नाही, बसली, जणू काही सांडलेलं उचलायचं होतं. मग ओरडली.

तो आवाज मी कधीच नीट सांगू शकलेलो नाही. अनघा कुंपण ओलांडून कधी आत गेली ते मला दिसलंही नाही. मी पोचलो तेव्हा मेरे गुडघ्यावर बसून रेवाचं डोकं मांडीवर घेऊन होती. उंच, रुंद खांद्यांची, टोकोरोआ गावाकडची, इथल्या मूळच्या लोकांतली मुलगी ही मेरे. एरवी तिचं हसू सगळ्या मैदानाला ऐकू यायचं. तेव्हा ती अगदी हळू काहीतरी पुटपुटत होती, बाळाला झोपवताना म्हणतात तसं.

गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट तुटलं होतं. इथे अपघाताचा खर्च सरकारी योजनेतून होतो, ऑपरेशन त्यातून झालं, डॉक्टर चांगला होता. कुणाला नावं ठेवावीत असं काही नव्हतं. रेवा त्या सत्रापुरती घरी आली. तिच्या जुन्या खोलीत, गादीवर पाय उशांवर ठेवून पडून राहायची. आई तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि तिला डाळिंब सोलून द्यायची. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. आई मराठीत काही विचारायची, रेवा इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नसे.

ऑगस्टच्या एका आठवड्यात दोन गोष्टी आल्या. आधी विद्यापीठाची ईमेल. मजकूर अगदी सभ्य होता. लवकर बरी हो, तू आमच्या परिवाराचा भाग आहेस. मात्र पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती मैदानावर उपलब्ध असणाऱ्या खेळाडूंसाठीच असल्याने, वगैरे. दोन दिवसांनी पुण्याहून माझ्या बहिणीचा व्हॉट्सॲप. एका हॉटेलात परदेशी शिक्षणाचा मेळावा भरला होता, तिथल्या स्टॉलवर रेवाचा सहा फुटी फोटो. बहिणीने खाली लिहिलं होतं, ‘आपली रेवा!!!’ आणि हात जोडलेले.

रेवाने माझ्या हातातून फोन घेतला. फोटो मोठा करून बघत राहिली.

“मेरे कुठेय?” ती म्हणाली.

फोटोत मेरे नव्हती. पुण्यासाठी तिला कापून टाकलं होतं. फक्त रेवाच्या खांद्याशी एक कोपर उरलं होतं, कुणाचं ते कळू नये असं. रेवाने तो फोटो मेरेला पाठवला. मेरेचं उत्तर लगेच आलं: ‘निदान माझं कोपर इंडियाला जाऊन आलं.’ रेवा हसली नाही.

“आज्जी विचारत होती ते बरोबर होतं,” ती मला म्हणाली. “फोटोग्राफरला पैसे मिळाले. प्रिंटरला मिळाले. ज्याने स्टेशनवर लावलं, त्याला पण मिळाले. आम्हालाच का नाही?”

“तुला फी माफ होती.”

“होती, बाबा. ती खेळण्यासाठी होती. खेळणं थांबलं, ती पण थांबली. मग फोटो का नाही थांबला?”

त्यावर मी आजही उलटसुलट विचार करतो. कधी वाटतं, शिकणाऱ्या मुलांच्या चेहऱ्याला भाव लावायला लागलो तर चांगल्या दिसणाऱ्या दोघा-तिघांना मिळेल आणि गोल अडवणारी मुलगी तशीच राहील. कधी वाटतं, ती संस्था नसती तर हिला विचारलं कुणी असतं? आणि मग वाटतं, ही सगळी वाक्यं मी आधी कुठेतरी ऐकलेली आहेत. गोदामात पहिल्या वर्षी मॅनेजर मला म्हणायचा, इथला अनुभव मिळतोय हेच बघ.

रेवाने विद्यापीठाला लिहिलं. एकतर मला मोबदला द्या, नाहीतर माझा फोटो काढा. साध्या चार ओळी. त्यांच्या प्रसिद्धी विभागातल्या हेदर नावाच्या बाईंनी बोलायची वेळ दिली. लॅपटॉप टेबलावर, रेवा खुर्चीवर, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मी समोर बसलो. मला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

हेदरबाई गोड बोलत होत्या. “किया ओरा, रेवा! आम्हाला तुझा किती अभिमान आहे! आणि केवढी प्रसिद्धी मिळाली बघ तुला, हीप्स ऑफ एक्सपोजर.”

“कशासाठी एक्सपोजर?” रेवाने विचारलं. “मी कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानापर्यंत चालू शकत नाही.”

हेदरबाईंनी समोरचा कागद उलटला. मग म्हणाल्या, त्यांना वाईट वाटतं, पण करारात पाच वर्षांची संमती आहे, आणि एकीला मोबदला दिला तर सगळ्यांना द्यावा लागेल.

“मग सगळ्यांना द्या,” रेवा म्हणाली.

ती ओरडली नाही. आवाज चढला नाही. पण मला दिसायला लागलं, की हिचं नाव कुठेतरी लाल शाईने लिहिलं जाणार. हिला अजून दीड वर्ष तिथे शिकायचंय. मी पुढे वाकलो आणि लॅपटॉपच्या पडद्यात स्वतःचं टक्कल बघत म्हणालो, “थँक यू, हेदर. थँक यू सो मच. ती थकलीय. औषधं चालू आहेत. तिला तसं म्हणायचं नाहीये.”

हेदरबाईंचा चेहरा सैल पडला. “ऑफ कोर्स,” त्या म्हणाल्या. “टेक केअर, बोथ ऑफ यू.”

रेवाने लॅपटॉप बंद केला. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कसं सांगू, जसं अनोळखी माणसाकडे बघतात, याला रस्ता माहीत असेल का असा विचार करत. मग कुबड्या घेतल्या आणि खोलीत गेली. कॉरिडॉरभर कुबड्यांचा ठक ठक आवाज.

स्वयंपाकघरातून अनघा आली. तिने सगळं ऐकलं होतं. “का बोललास मध्ये?” एवढंच म्हणाली. उत्तराची वाटही न बघता पोळ्या करायला गेली.

त्यानंतरचे महिने मला आठवतात ते फक्त पावलांच्या आवाजाने. रेवा एका कुबडीवर आली, मग कुबडीशिवाय. माझ्याशी बोलायची, म्हणजे मीठ दे, गाडीची किल्ली कुठेय, एवढं. मी रोज सकाळी पोस्टरसमोर उभा राहायचो. खूप वेळा वाटलं, फलाटावरचा पूल मागे टाकून पुढचा डबा थांबतो तिथे उभं राहावं, तिथून ते दिसत नाही. पण रोज त्याच जागी उभा राहिलो. ऑक्टोबरात आई पुण्याला परत गेली. विमानतळावर तिने रेवाला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, “पोर काही चूक बोलली नव्हती.”

नोव्हेंबरात कधीतरी ती चौकट बदलली. गाडीच्या विम्याची जाहिरात आली. विद्यापीठाने काढली असं नव्हे, भाड्याची मुदत संपली असणार.

पण रेवा थांबली नव्हती, हे मला मेरेकडून कळलं. मेरे डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवस आमच्याकडे राहिली. मागच्या अंगणात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, काढून गवतावर पाय पसरून बसली होती, मी चहा नेऊन दिला. तिने सांगितलं, की संघातल्या बारा जणींनी मिळून पत्र लिहिलंय. मसुदा रेवाचा.

“तुझ्या घरी काय म्हणाले?” मी विचारलं.

“माझी नॅन, म्हणजे आजी, म्हणाली, चेहरा माझा एकटीचा नाही. तिच्या आईचा आहे, तिच्या आईच्या आईचा आहे. फोटो घ्यायचा तर घरी येऊन विचारायचं, चहा प्यायचा, मग घ्यायचा.” मेरे हसली. “तिला पैशाचं काही नाही. तिला राग कापून टाकल्याचा आला.”

पत्राने फार मोठं काही झालं नाही. मोबदला कुणालाच मिळाला नाही. एवढंच झालं, की पुढच्या वर्षीपासून फोटोच्या संमतीचा कागद वेगळा केला. एक पान, एक वर्ष, आणि ‘नको’ म्हटलं तरी शिष्यवृत्तीला धक्का नाही. रेवाच्या नावाचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. तिला स्वतःला त्याचा काही उपयोगही नव्हता. ती परत गेली, सुपरमार्केटमध्ये काम करून उरलेली फी भरली, डिग्री घेतली. खेळली नाही पुन्हा. गुडघा बरा झाला होता, पण वळताना तिचा विश्वास बसायचा नाही.

त्याच सुमारास पुण्याहून एका बाईंचा फोन आला होता, माझ्या बहिणीच्या ओळखीच्या. मेळाव्यातलं पोस्टर बघून त्यांच्या मुलीने तिथे जायचं ठरवलं होतं. “तुमच्या रेवाला बघूनच हो! कसं आहे विद्यापीठ?” मी म्हणालो, “चांगलं आहे.” खोटं नव्हतं ते. मग थांबून म्हणालो, “सही करायच्या आधी सगळं वाचायला सांगा तिला.” बाई म्हणाल्या, “हो हो, अर्थात,” आणि वसतिगृहात शाकाहारी मिळतं का ते विचारलं.

आता २०१९. रेवा ‘ते रापा’ नावाच्या ठिकाणी एका छोट्या प्रयोगशाळेत दुधाचे नमुने तपासण्याचं काम करते. गेल्या शनिवारी ती आली होती, रविवारी परत निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर निघालो. आठवडाभर सुट्टी घेतली होती, तिच्या घराचं गळकं छप्पर बघायचं होतं. गाडी ती चालवत होती. बॉम्बे हिल्स लागले. या टेकड्यांचं नाव बॉम्बे का, यावर आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी विनोद करतो. वायपर चालू होते. शेतं धुक्यात होती.

तीन वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते मी कुठलीही तयारी न करता बोललो.

“रेवा, त्या दिवशी हेदरशी बोलताना मी मध्ये पडलो.”

“कुठल्या दिवशी?” ती म्हणाली, पण तिला माहीत होतं.

“तू थकलीयस असं सांगितलं मी. तू थकली नव्हतीस.”

“नव्हते.”

“मी थकलो होतो.”

एक दुधाचा टँकर आमच्या पुढे गेला, काचेवर पाणी उडालं, वायपरने पुसलं.

“आय नो, बाबा,” ती म्हणाली. “मी खूप रागावले होते. लाइक, दोन वर्षं. मग हा जॉब लागला. पहिल्याच महिन्यात मी एक पद्धत शोधली, टेस्ट लवकर व्हायची. बॉसने मीटिंगमध्ये स्वतःची म्हणून सांगितली. आणि नंतर मला म्हणाला, गुड टीमवर्क. तुला माहितेय मी काय म्हणाले?”

“काय?”

“थँक यू सो मच.” तिने माझाच आवाज काढला. मग हसली, पण थोडीच. “मी, बाबा! घरी येऊन गाडीत बसून रडले. आणि मग तुझा राग गेला. असाच गेला. वाटलं, तू तर बारा वर्षं हेच करत होतास.”

मी काचेवरची वाफ बाहीने पुसली.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. दुसऱ्या दिवशी परत गेले त्याच्याकडे, पद्धत माझी आहे म्हणून. सांगितलं.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. सॉरी म्हणाला. प्रमोशन वगैरे काही नाही हं.” तिने इंडिकेटर दिला, मागे बघितलं, शांतपणे लेन बदलली. “पण झोप काय मस्त लागली, बाबा. इतकी मस्त झोप मला वर्षानुवर्षं लागली नव्हती.”

बाहेर पाऊस जरा वाढला. मला तशी झोप शेवटची कधी लागली होती ते आठवायचा प्रयत्न केला, आठवेना. मी सीट मागे घेतली. तिने न विचारता हीटर वाढवला. मी डोळे मिटले. ती गाडी चालवत होती.